संतचरित्रातील कोरी पाने



माझा एक नातू लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहतो. डॉक्टर व्हायचे म्हणून रात्रंदिवस पुस्तकात डोके घालून बसलेला असतो. मागे एका एकादशीला तो गावी आला होता. भगर खाता खाता मला म्हणाला, "आबा, येशू ख्रिस्त लहानपणीच भारतात आला होता म्हणे. अठरा वर्षं इथं शिकला आणि मग परत गेला. मोबाइलवर एकजण सांगत होता. खरं आहे का?"

मी कीर्तनकाराच्या सवयीने म्हणालो, "सांगणाऱ्याला विचार, बाबा, प्रमाण काय? कुठं लिहिलंय?"

पोरगे हुशार. क्षणभर थांबून म्हणाले, "मग तुम्ही कीर्तनात नामदेव महाराजांची पंजाबातली म्हातारी सांगायचे, ती कुठं लिहिलीय?"

माझा घास हातातच राहिला. त्या दिवशी मी त्याला उत्तर दिले नाही. पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो. आज ते उत्तर आपल्यासमोर देतो. चूक जिथे केली तिथेच कबूल करावी असे शास्त्र आहे; पण आता गळा बसला, उभे राहून दोन तास बोलणे होत नाही. म्हणून नारदाच्या गादीवर केलेली चूक कागदावर कबूल करतो.

आधी नातवाचा पहिला प्रश्न घेऊ, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यातच आहे.

ख्रिस्ती बांधवांच्या ग्रंथात लूककृत शुभवर्तमान म्हणून एक भाग आहे. त्यात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात पंडितांशी प्रश्नोत्तरे करतो, आईबाप त्याला शोधत येतात, अशी कथा आहे. त्यानंतर तो एकदम सुमारे तीस वर्षांचा होऊन लोकांसमोर उभा राहतो. मधल्या काळाविषयी एवढेच, की तो आईबापांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने, शरीराने वाढत गेला. दुसऱ्या एका शुभवर्तमानात गावकरी त्याला सुतार म्हणतात. संपले. अठरा वर्षे एवढ्यात आटोपली.

आता कोरे पान दिसले की माणसाचा हात शिवशिवतो. जुन्या काळी कुणी त्याच्या बाळपणाच्या कथा रचल्या. त्याने मातीच्या चिमण्या केल्या आणि त्या उडून गेल्या, अशी एक कथा आहे. त्या कथांना चर्चने आपल्या प्रमाणग्रंथात जागा दिली नाही. पुढे १८९४ साली निकोलस नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने एक पुस्तक छापले. लडाखच्या हेमिस मठात एका लामाने आपल्याला जुनी पोथी वाचून दाखवली, तीत 'ईसा' भारतात येऊन शिकल्याचे लिहिले होते, असे त्याचे म्हणणे. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी त्यावर शंका घेतली. आग्र्याच्या कॉलेजातले डग्लस नावाचे एक प्राध्यापक १८९५ साली स्वतः हेमिसला गेले, तेव्हा तिथल्या मुख्य लामांनी अशी पोथी असल्याचे साफ नाकारले. पुढे आणखी काही जणांनी आपणही ती पाहिली असे सांगितले. पण अभ्यासकांच्या हाती तपासायला पोथी काही आली नाही. आपल्या मराठीतही १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्त परिचय' या पुस्तकात बाबाराव सावरकरांनी ख्रिस्त मुळात तमिळ हिंदू होता, असे मांडले आहे.

बघा माउली, ज्याने त्याने कोऱ्या पानावर आपलाच पत्ता लिहिला. कुणाला तो बौद्धांचा शिष्य हवा, कुणाला हिंदू. अठरा वर्षे तो आपल्या गावात रंधा मारत बसला असेल, ही गोष्ट मात्र कुणाला नको.

आळंदीला गुरुजींकडे वेदान्ताचे पाठ घेताना आम्हाला सहा प्रमाणे शिकवली होती. त्यात सहावे अनुपलब्धी. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून तिथे घागर नाही, हे ज्ञान ज्याने होते ते प्रमाण. मी तेव्हा विचारले होते, "गुरुजी, न दिसणे हेही प्रमाण कसे?" गुरुजींनी खोलीतला कंदील फुंकला. अंधारात म्हणाले, "आता सांग, कोपऱ्यात घागर आहे का नाही?" मी म्हणालो, "दिसत नाही." ते म्हणाले, "मग नाही म्हणशील?" मी गप्प. त्यांनी पुन्हा कंदील लावला आणि समजावले. उजेड आहे, डोळे धड आहेत, घागर असती तर दिसलीच असती, आणि तरी दिसत नाही, तेव्हाच 'नाही' म्हणता येते. अंधारात न दिसण्याने काहीच सिद्ध होत नाही. 'आहे' हेही नाही आणि 'नाही' हेही नाही.

ख्रिस्ताची ती अठरा वर्षे अंधारातली खोली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्यातल्या सुताराच्या पोराने रोज काय केले, हे कोण लिहून ठेवणार? तेव्हा 'तो कुठेच गेला नव्हता' असे मी छातीठोक सांगत नाही. पण 'लिहिलेले नाही, त्याअर्थी तो आमच्याकडेच होता' असे म्हणणारा तर अंधारात हात घालून घागर बाहेर काढतो आहे, आणि त्या घागरीवर स्वतःचेच नाव कोरलेले आहे.

आता आपल्या घरात या.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे इ. स. १२७०. आम्ही मराठवाड्याचे लोक तो हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचा म्हणतो, पंढरपूरकर पंढरपूरचा म्हणतात. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेवराय सव्वीस वर्षांचे होते. शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० साली, ते पंढरपूरच्या महाद्वारी पायरीचे चिरे झाले. मधे चोपन्न वर्षे. ज्ञानोबांबरोबरची तीर्थयात्रा आणि माउलींची समाधी त्यांनी स्वतः अभंगांतून सांगितली. त्यानंतर मात्र आपल्या मराठी चरित्रांचा हात आखडतो. महिपतीबाबांनी भक्तविजय लिहिला तो १७६२ साली. चारशे वर्षे मधे गेली होती.

पण इथे खोलीत पुरा अंधार नाही. पलीकडच्या खिडकीतून उजेड येतो. १६०४ साली गुरु अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. त्या पदांत विठ्ठलाचे नाव येते, आपण जातीचे छिपा असल्याचे येते, देवळातून हाकलल्यावर देऊळच फिरले हा प्रसंग येतो. तोच प्रसंग आपण औंढा नागनाथाला दाखवतो. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचे गाव आहे. नामदेवराय अठरा-वीस वर्षे तिथे राहिले असे परंपरा सांगते, आणि तिथले लोक त्यांची समाधीही आपल्याकडेच मानतात.

यावर विद्वानांत मते आहेत. कुणी म्हणतात, एकच नामदेव. पंजाबात राहिले आणि शेवटी पंढरीला परतले. कुणी म्हणतात, देह घुमानलाच ठेवला. कुणी म्हणतात, नामदेव दोन असावेत; पदांची भाषा वेगळी, आणि विष्णुदास नामा नावाचा नंतरचा कवी तर आपल्याच गाथेत मिसळून गेलेला आहे. माझे मत विचाराल तर पदांतला विठ्ठल आणि फिरलेले देऊळ पाहता पंजाबात गेले ते आपलेच नामदेव. याला मी अनुमान म्हणतो. धूर दिसला म्हणून अग्नी मानला. पण त्या अठरा-वीस वर्षांत कोणत्या दिवशी ते कुणाच्या दारात उभे राहिले, तिने काय वाढले, ते काय बोलले, यासाठी धूरही नाही. आणि नेमके तेच मी चाळीस वर्षे सांगत आलो.

आता कबुली.

मी तिशीत होतो. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात सप्ताह होता आणि नामदेवरायांच्या पुण्यतिथीचे कीर्तन माझ्याकडे आले होते. नांदेड म्हणजे गुरु गोविंदसिंहांनी १७०८ साली देह ठेवला ती भूमी; श्रोत्यांत चार-दोन सरदारजीही यायचे. एसटीत बसल्या बसल्या विचार करत होतो, की पंजाबचे काहीतरी सांगायला हवे. आणि लोह्याच्या आसपास ती गोष्ट मला सुचली. आषाढी एकादशीचा दिवस. नामदेवराय घुमानच्या रानात पंढरीच्या आठवणीने रडत आहेत. द्वादशीला पारणे सोडायला एका झोपडीशी जातात. एक गरीब म्हातारी जाडी रोटी आणि मीठ देते आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी राहते. नामदेवराय वर पाहतात, तो विटेवरचे ध्यान. ते तिच्या उंबऱ्यावर डोके ठेवतात आणि म्हणतात, आता पंढरी इथेच. आणि अठरा वर्षे तिथे राहतात.

त्या रात्री मंडप रडला. पखवाजवाल्याचा हात थांबला. एका वृद्ध सरदारजींनी येऊन माझे पाय धरले. मी 'ही माझी कल्पना' असे म्हणालो नाही. 'असे सांगतात' म्हणालो. माउली, 'असे सांगतात' या दोन शब्दांत फार मोठी चोरी लपते. सांगणारा मी एकटाच होतो.

पुढे ती गोष्ट माझी ओळख झाली. लोक सुपारी देतानाच म्हणत, महाराज, म्हातारीचं कीर्तन करा. पाचदहा वर्षांत मलाही ती खरी वाटू लागली. एका तरुण कीर्तनकाराच्या तोंडून ऐकली तेव्हा म्हातारीला नाव लागले होते, आणि ती गाथेत आहे असेही तो म्हणाला. मी समोर बसलो होतो. मान डोलावली.

२०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले आणि आपल्याकडच्या लोकांना ते गाव माहीत झाले. त्यानंतर आम्ही पंचवीस-तीस वारकरी नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला आणि तिथून घुमानला गेलो. आमच्यात एक आजी होत्या, सत्तरीच्या. गुडघे गेलेले, काठीवर चालायच्या. नामदेवबाबांचे दर्शन झाले, लंगरात प्रसाद झाला. मग आजींनी पिशवीतून एक नारळ काढला. घरून आणलेला, हळदकुंकू लावलेला. मला म्हणाल्या, "महाराज, त्या म्हातारीचं घर कोणतं? उंबऱ्यावर ठेवीन म्हणते."

तिथे सांगायला हवे होते. सगळी मंडळी उभी होती. माझ्या तोंडून निघाले, "इतक्या वर्षांत पडलं असेल हो आजी ते घर." चाळीस वर्षांपूर्वीच्या खोट्याला त्या दिवशी दुसरे खोटे जोडले. आजी जरा वेळ उभ्या राहिल्या. मग समोरच्या गल्लीत गेल्या, एका साध्या घराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून डोके टेकले. आतून एक पंजाबी बाई धावत आली. तिला मराठी कळेना, यांना पंजाबी कळेना. तिने आजींचा हात धरून आत नेले, बाजेवर बसवले, लोटाभर ताक दिले.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. मनमाड सोडल्यावर मी आजींच्या बाकाशी गेलो आणि सगळे सांगितले. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी जिच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं ती बाई तर खरी होती ना, महाराज? तिनं ताक दिलं." मला हायसे वाटले. पण त्या पुढे म्हणाल्या, "पण आधी सांगायचं होतं. मी सुनेला सांगितलंय, नातवंडांना सांगितलंय, कीर्तनात ऐकलं म्हणून. आता त्यांना काय सांगू?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परभणी येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. त्यांना सांगून मोकळा झालो असे मी समजलो. पण ज्या शेकडो मंडपांत ती गोष्ट पेरली होती तिथे गप्पच राहिलो. नातवाने विचारले तेव्हा ते गप्प राहणे उघडे पडले.

आता आपण म्हणाल, महाराज, एवढे काय मनाला लावून घेता? भाव महत्त्वाचा. आजींचा भाव फळाला आला की नाही?

आला. पण कुणामुळे? आपल्याकडे खोट्या सोयाबीन बियाण्याचा अनुभव पुष्कळांना आहे. पिशवीवर एक, आत दुसरे. कधी एखाद्याची जमीन चांगली, पाऊस वेळेवर, त्यातूनही काही उगवून येते. म्हणून बियाणे विकणाऱ्याला आपण पुण्यवान म्हणतो का? ते जमिनीचे पुण्य आणि शेतकऱ्याच्या घामाचे. आजींचा भाव आजींचा होता. माझे माप तर खोटेच होते.

दुसरा कुणी याहून अवघड प्रश्न विचारील: मग रेड्यामुखी वेदाचे काय? चालविलेल्या भिंतीचे काय? माझ्या म्हातारीत आणि त्यांत फरक काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. फरक शक्य आणि अशक्य असा नाही. जी कथा गुरूंनी मला दिली, त्यांना त्यांच्या गुरूंनी दिली, ती माझ्याकडे ठेव आहे. ठेव जशी आली तशी, देणाऱ्याच्या नावाने पुढे द्यावी. तिचे वजन करण्याचा काटा माझ्याकडे नाही. पण जे नाणे मी स्वतः एसटीत बसून पाडले, ते खोटे आहे हे मला माहीत होते. माहीत असून ते ठेवीच्या पेटीत मिसळले, तर उद्या पेटी उघडणारा खऱ्या नाण्यावरही संशय घेईल. माझ्या नातवाच्या डोळ्यांत मी तो संशय पाहिला. माझ्याआधीही कुणी असे केले असेल काय? असेलही. म्हणून तर मी करायला नको होते.

ख्रिस्ताच्या बाबतीत हेच. आपल्याला त्याच्याविषयी प्रेम वाटत असेल तर त्याला लडाखमार्गे आणण्याची गरज नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि तुकोबांचे ऋण उघड मान्य केले. त्यांनी तुकोबांना ख्रिस्ती ठरवले नाही की ख्रिस्ताला देहूला आणले नाही. ऋण मान्य करता येते. त्यासाठी खोटा सातबारा लागत नाही. उद्या दूरदेशीच्या कुणी लिहिले, की नामदेवराय मुळात आमच्या गावचे, विठ्ठलाचे नाव नंतर घुसडले, तर आपल्याला कसे वाटेल? तेच त्यांना वाटते. आपल्या संताला जो न्याय मागतो तो दुसऱ्याच्या संताला द्यावा.

मग कीर्तनकाराने कल्पना करूच नये का? जरूर करावी. दृष्टांताशिवाय सिद्धांत गळी उतरत नाही. पण आपल्या भाषेत 'समजा' नावाचा एक शब्द आहे. फुकटचा आहे. 'समजा, नामदेवराय एका म्हातारीच्या दारी गेले' एवढे म्हटले असते तर मंडप रडायचा थांबला नसता, आणि आजींनी नारळ घेऊन ते घर शोधले नसते. संतांनी स्वतः काय सांगितले, परंपरा काय सांगते आणि मला काय वाटते, हे तीन धान्य तीन कणग्यांत ठेवावे. एवढेच तरुण कीर्तनकारांना माझे सांगणे.

आणि कोरे पान? ते कोरेच राहू द्यावे. आपले स्वतःचे आयुष्य बघा. वारीचे वीस दिवस सांगण्यासारखे. बाकी तीनशे पंचेचाळीस दिवस कोण लिहितो? सावतोबा अरणच्या मळ्यात, गोरोबा तेरच्या चिखलात, जनाबाई जात्यावर. देव तिथेच आला असे आपण मानतो. ख्रिस्ताची अठरा वर्षे रंध्याशी गेली असतील, नामदेवरायांची वीस वर्षे लोकांत नाम सांगण्यात गेली असतील. हेही माझे अनुमान, म्हणून 'असतील' म्हणतो. पण एवढे खरे, की न लिहिलेला दिवस वाया गेलेला दिवस नसतो. तसे असते तर तुमचाआमचा बहुतेक जन्म वायाच म्हणावा लागेल.

एक विनंती. आषाढ वद्य त्रयोदशीला कुठल्या मंडपात ती पंजाबातली म्हातारी ऐकलीत, तर सांगणाऱ्याचा अपमान करू नका; त्याने ती विश्वासाने घेतली आहे. कीर्तन संपल्यावर पाया पडा आणि हळूच सांगा, की ही गाथेतली नाही, लातूरकडच्या एका म्हाताऱ्या कीर्तनकाराची कल्पना आहे, आणि त्याने ती मागे घेतली आहे. नातवाला मी हा लेख छापून आल्यावर देणार आहे. त्या आजींच्या सुनेपर्यंत तो कुणी पोचवला तर माझ्यावर उपकार होतील.

रामकृष्णहरि.